स्कोप चित्रपट अंधारा का दिसतो? पडद्यावरच्या उजेडाचे मोजमाप

केबिनवाला (धाग्याचा आरंभ)

नमस्कार. मी 35 वर्षे दक्षिण रत्नागिरीतल्या एका चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो. सुरुवातीची वर्षे कार्बनच्या आर्कवर गेली, मधली झेनॉनच्या बल्बवर आणि अखेरची डिजिटल मशीनवर. निवृत्तीनंतरही आसपासच्या तालुक्यांतून कोणी बोलावले तर जातो. गेल्या महिन्यात असेच खाडीकाठच्या एका गावातून बोलावणे आले. दोनशेच्या आसपास खुर्च्यांचे लहान चित्रपटगृह आहे आणि मालक स्वतः तिकीटखिडकीवर बसतात. शिमग्याला मुंबईहून आलेल्या काही चाकरमान्यांनी मध्यंतरात येऊन त्यांना सांगितले, की रात्रीच्या प्रसंगात कोण कुठे उभे आहे तेच कळत नाही. गावातल्या नेहमीच्या प्रेक्षकांपैकी मात्र एकानेही कधी अशी तक्रार केलेली नव्हती.

मी एका छायालेखक मित्राचा एक अंशाचा स्पॉट मीटर, म्हणजे लांबून पडद्यावरच्या एका लहानशा भागाचाच उजेड मोजणारा मीटर, मागून नेला होता. पहिल्या खेळाआधी मशीन अर्धा तास चालू ठेवले, कारण बल्ब स्थिरावल्याशिवाय घेतलेल्या आकड्याला अर्थ नसतो. सर्व्हरमधली पूर्ण पांढरी चौकट पडद्यावर लावली. सभागृहातले दिवे खेळाच्या वेळी असतात तसेच केले आणि दारांवरचे हिरवे दिवेही चालू ठेवले. मग मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसलो आणि मीटर डोळ्याच्या उंचीवर धरून पडद्याच्या मध्यावर रोखला. फ्लॅटच्या, म्हणजे कमी रुंद चित्राच्या, चौकटीत 43 निट (पडद्यावरच्या उजेडाचे माप) आले. त्यानंतर स्कोपची, म्हणजे जास्त रुंद चित्राची, चौकट लावली. बाजूचे काळे पडदे सरकले, चित्र रुंद झाले आणि त्याच खुर्चीतून, त्याच बिंदूवर मीटरने 27 दाखवले. तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा 27च आले.

माझी अडचण इथे सुरू होते. फिल्मच्या काळात माझा अनुभव याच्या नेमका उलट होता. स्कोपची चौकट फिल्मवर फ्लॅटपेक्षा पुष्कळ उंच असे, त्यामुळे गेटमधून, म्हणजे फिल्मच्या चौकटीवर उजेड पडतो त्या खिडकीतून, उजेड जास्त जाई आणि अ‍ॅनामॉर्फिक लेन्स तो आडवा पसरवी. चित्र मोठे होऊनही स्कोप कधी मिणमिणता वाटला नाही. इथे बल्ब तोच, करंट तोच आणि दुपारही तीच असताना एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेला कुठे? जाणकारांनी सांगावे.

मांडवी

केबिनवाला काका, आपला लेख वाचून मला माझ्या चष्म्याचा खर्च आठवला. गेल्या वर्षी आमच्या गावात एक चित्रपट पाहताना मला निम्मे प्रसंग दिसेनात, म्हणून मी डोळे तपासून घेतले. नंबर बदललेला नव्हता. तोच चित्रपट पुढे पुण्यात पाहिला तेव्हा त्या विहिरीजवळच्या प्रसंगात मागे एक माणूस उभा आहे हे मला प्रथमच दिसले. मी तांत्रिक माणूस नाही, म्हणून दोन साधे प्रश्न विचारते. 27 हा आकडा कमी आहे हे कशावरून ठरते? आणि उजेड इतका कमी असेल, तर समोर बसलेल्या दीडशे लोकांना तो जाणवत कसा नाही?

केबिनवाला

मांडवी यांस,

प्रथम आकड्याविषयी. आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी फूट-लॅम्बर्ट हे माप असते. अठराव्या शतकातले गणिती योहान हाइनरिख लॅम्बर्ट यांनी 1760 मध्ये प्रकाशाच्या मोजमापावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांच्या नावावरून ते आले. एक फूट-लॅम्बर्ट म्हणजे सुमारे 3.43 निट, आणि निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला. फिल्मच्या काळात नियम असा होता, की मशीनमध्ये फिल्म न घालता, पण शटर फिरते ठेवून, पडद्याच्या मध्यावर 16 फूट-लॅम्बर्ट मिळाले पाहिजेत. फिल्मची पट्टी कितीही पारदर्शक असली तरी थोडा उजेड खाते, त्यामुळे प्रत्यक्षात प्रेक्षकाला पांढरा रंग 14च्या आसपास दिसे. डिजिटलचे नियम ठरले तेव्हा ही फिल्मची वजावट जमेस धरून 14 फूट-लॅम्बर्ट, म्हणजेच 48 निट, हाच आकडा घेतला गेला. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून केलेल्या डीसीआयच्या 2005च्या नियमावलीत आणि एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकातही तोच आहे. चित्रपटगृहांना त्यात 3 फूट-लॅम्बर्ट इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. याचा अर्थ 38 निटच्या खाली जाऊ नये. 27 म्हणजे जेमतेम 8 फूट-लॅम्बर्ट झाले.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मला केबिननेच दिले. पूर्वी प्रत्येक चित्रपटगृहात दोन मशीन असत. 2000 फुटांचे रीळ साधारण 22 मिनिटे चाले आणि ते संपताना दुसऱ्या मशीनवर चित्र न्यावे लागे. एका मशीनचा आर्क नीट जुळलेला नसेल, कार्बनच्या कांड्यांमधले अंतर वाढले असेल किंवा आरसा काळवंडला असेल, तर त्या मशीनवरचे चित्र अंधारे असे. 22 मिनिटे ते अंधारे चित्र चालले तरी खाली सगळे शांत असत. चेंजओव्हर झाला आणि चित्र एकदम उजळले, की त्याच क्षणी स्टॉलमधून आवाज येई. डोळा समोर असलेल्या उजेडाशी जुळवून घेतो. त्याला किती उजेड आहे हे सांगता येत नाही, शेजारी ठेवलेल्या दोन उजेडांतला फरक मात्र लगेच सांगता येतो. झेनॉनचा बल्ब महिन्यामहिन्याने मंदावत जातो, तेव्हा शेजारी ठेवायला काहीच नसते. ज्या प्रेक्षकाने दुसरे चित्रपटगृह पाहिलेले नाही त्याला तुलना कशाशी करायची हाच प्रश्न पडतो. म्हणून तक्रार चाकरमान्यांकडून आली. ऑपरेटरही याला अपवाद नाही. तो रोज तोच पडदा पाहतो, त्यामुळे तोच सर्वांत आधी फसतो. मीटर लागतो तो यासाठी.

खाडीकाठ

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. केबिनवाला यांनी आकडे इतके नीट दिले आहेत, की कोडे बहुधा कागदावरच सुटेल. फक्त एक गोष्ट सांगावी. पडद्याची उंची कायम राहून स्कोपसाठी रुंदी वाढते, की रुंदी कायम राहून स्कोपसाठी वरखालून काळी पट्टी येते?

केबिनवाला

उंची कायम. पडदा 4.2 मीटर उंच आहे. फ्लॅटचे चित्र साधारण 7.8 मीटर रुंद होते आणि स्कोपचे 10 मीटर.

खाडीकाठ

मग हिशेब असा आहे.

डिजिटल मशीनमध्ये चित्र ज्या चिपवर तयार होते तिच्यावर आडवे 2048 आणि उभे 1080 सूक्ष्म आरसे असतात. बल्बचा उजेड त्या सगळ्या आरशांवर सारखाच पडतो. फ्लॅटचे चित्र 1998 गुणिले 1080 इतके आरसे वापरते, म्हणजे जवळजवळ सगळी चिप. स्कोपचे चित्र मात्र 2048 गुणिले 858 इतकेच वापरते. वरच्या आणि खालच्या ओळींवर पडलेला उजेड पडद्यापर्यंत जातच नाही, तो मशीनच्या आतच उष्णता होऊन संपतो. दोन्ही गुणाकार करून पाहिले तर स्कोपला फ्लॅटच्या 81 टक्केच उजेड मिळतो. हा झाला पहिला तोटा.

दुसरा तोटा पडद्यावर होतो. हा उरलेला उजेड आता 7.8 मीटरऐवजी 10 मीटर रुंदीवर पसरायचा आहे. स्कोपच्या चौकटीची रुंदी उंचीच्या 2.39 पट आणि फ्लॅटची 1.85 पट, म्हणजे क्षेत्रफळ 1.29 पट झाले. 0.81 ला 1.29 ने भागले की 0.63 येतात. तुमच्या फ्लॅटच्या 43 निटला 0.63 ने गुणावे, उत्तर 27 येते. तुमचा मीटर बरोबर आहे आणि मशीनही बिघडलेले नाही. फिल्मच्या काळात गेटचे क्षेत्रफळ स्कोपच्या बाजूने होते, आता चिपचे क्षेत्रफळ स्कोपच्या विरुद्ध आहे. आपला अनुभव उलटा पडला तो एवढ्यामुळेच.

यातूनच उपायही निघतो. स्कोप आणि फ्लॅट यांची सेटिंग मशीनमध्ये वेगवेगळी जतन करता येतात आणि त्यात बल्बचा करंटही वेगळा ठेवता येतो. ज्यांनी मशीन बसवले त्यांनी दोन्हींना एकच करंट दिलेला दिसतो. रुंदी कायम असलेल्या पडद्यावर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण तिथे झूम जवळपास बदलतच नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी पडद्याजवळ उभे राहून साध्या लक्समीटरने पडद्यावर किती उजेड पडतो तेही मोजावे. मीटरचे तोंड मशीनकडे हवे. खुर्चीतून मोजलेल्या निटला 3.14 ने गुणून त्याला त्या लक्सने भागले, की पडदा स्वतः किती उजेड परत देतो तो आकडा मिळतो. नव्या साध्या पांढऱ्या पडद्यासाठी तो 1च्या जवळ असतो. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षे टांगलेल्या पडद्याचा तो किती असेल याची मला खरोखर उत्सुकता आहे.

नारळीबाग

माझे स्वतःचे छोटे चित्रपटगृह आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नियमावलीतले आकडे मला मान्य आहेत, पण बल्ब फुकट मिळत नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस खेळाला वीसपंचवीस माणसे असतात. वीज कमीजास्त होते, जनरेटर चालवावा लागतो. करंट थोडा उतरवला की बल्ब जास्त दिवस जातो असे मला बसवणाऱ्यांनीच सांगितले होते आणि मी गेली कित्येक वर्षे तेच करत आलो आहे. प्रेक्षकांनी तक्रार केली नाही, यावरून सगळे ठीक आहे असे मी समजत होतो. वरचे प्रतिसाद वाचून आता तशी खात्री वाटत नाही. तरीही विचारतो, की ज्याच्याकडे दर काही महिन्यांनी बल्ब बदलण्याची ऐपत नाही त्याने नेमके काय करावे?

केबिनवाला

नारळीबाग साहेब, आपण मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. आपली अडचण खरी आहे आणि कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक लहान चित्रपटगृहाची ती आहे.

करंट उतरवण्याला माझा विरोध नाही. तो कधी उतरवायचा आणि किती, एवढाच मुद्दा आहे. नवा बल्ब सर्वांत प्रखर असतो, तेव्हा त्याला पूर्ण करंट देण्याची गरजच नसते. त्या वेळी मीटर लावून मध्यावर 48 मिळतील इतकाच करंट द्यावा. पुढे बल्बच्या काचेवर आतून टंगस्टनचा काळसर थर चढत जातो, इलेक्ट्रोडचे टोक झिजते आणि उजेड उतरतो. तसतसा दर महिन्याला मोजून करंट थोडा थोडा वाढवत न्यावा. म्हणजे बल्बचे आयुष्यही पुरेपूर मिळते आणि पडदाही सारखा उजळ राहतो. आपण करत आलात ते याच्या अर्धेच आहे. सुरुवातीला उतरवलेला करंट नंतर वाढवलाच गेला नाही. मीटर महिन्यातून एकदा भाड्याने आणला तरी तो बल्बचे पैसे वाचवतो असा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. बल्बच्या कागदावर कमीत कमी करंटचा आकडा दिलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नये. आर्क डळमळतो, चित्र लुकलुकते आणि इलेक्ट्रोड उलट लवकर खराब होतो. आणि तास संपलेला बल्ब कितीही जळत असला तरी पुढे रेटू नये. झेनॉनच्या बल्बमध्ये थंड असतानाही दाब असतो आणि गरम झाला की तो कितीतरी वाढतो. माझ्या डोळ्यांसमोर असा एक बल्ब फुटलेला आहे. बल्बच्या वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट किमतीचा आरसा त्यात गेला. बल्ब हाताळताना चेहऱ्यावर ढाल आणि हातात मोजे न घालणाऱ्या मुलाला मी केबिनमध्ये पाऊल ठेवू देत नसे.

सागरवाट

मी मूळची मालवणची, सध्या मुंबईत चित्रपटांच्या रंगसंस्करणाचे काम करते. ज्या खोलीत आम्ही चित्रपटाचे अंतिम रंग ठरवतो तिथला पडदा 48 निटलाच लावलेला असतो आणि तो वारंवार तपासला जातो. म्हणून मांडवी यांना विहिरीजवळचा माणूस का दिसला नाही, हे मला आकड्यांत सांगता येईल.

समजा, अंधारात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या सदऱ्याची कड आम्ही 0.2 निटवर ठेवली. पडद्याचा कमाल उजेड 48 ऐवजी 27 असेल तर ती कड 0.11 वर येते. इथपर्यंत सगळे चित्र एकाच प्रमाणात उतरले, म्हणून डोळा ते सांभाळून घेईल. पण सभागृहात मशीनव्यतिरिक्तही उजेड असतो. दारावरचा हिरवा दिवा, पायऱ्यांवरचे दिवे आणि दुपारच्या खेळाला दाराच्या फटीतून येणारे ऊन या सगळ्यांचा मिळून पडद्यावर, उदाहरणादाखल, 0.09 निटचा पातळ थर बसला असे धरू. बल्ब मंदावला म्हणून हा थर मंदावत नाही. 48 निटच्या पडद्यावर ती कड आसपासच्या काळ्या भागापेक्षा तिप्पट उजळ दिसली असती, तीच 27 निटच्या पडद्यावर जेमतेम दुप्पट दिसते. बाजूने मोबाइलचा उजेड आला, की संपलेच. शिवाय उजेड कमी झाला की डोळ्याला रंगही फिके वाटू लागतात. लाल मातीचा रस्ता तपकिरी दिसतो आणि भातखाचरांचा कोवळा हिरवा रंग राखाडीकडे झुकतो. ज्या रंगावर आम्ही दोन दिवस घालवले, तो रंग माझ्याच जिल्ह्यातल्या पडद्यावर पोहोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

केबिनवाला काका, मशीनची झडप बंद करून फक्त सभागृहातला उजेड पडद्यावर किती येतो तेही कृपया मोजावे. तो कमी करण्यासाठी बल्बचा खर्च लागत नाही. दिव्यावर लहानशी टोपी आणि दाराला जाड पडदा एवढ्यावर काम होते.

देवगडी हापूस

माझ्या मोबाइलमध्ये उजेड मोजण्याचे ॲप आहे. त्यावर हे करता येईल का? आणि चंदेरी पडद्याविषयी कोणी सांगेल का? आमच्या जवळच्या चित्रपटगृहात थ्रीडीसाठी तो लावला होता. आता थ्रीडी खेळ जवळपास होत नाहीत, पण पडदा तोच आहे.

खाडीकाठ

मोबाइलच्या ॲपवर विसंबू नये. मोबाइलच्या पुढच्या बाजूचा संवेदक त्याच्यावर चहूबाजूंनी पडणारा उजेड मोजतो, पडद्यावरचा एक बिंदू निवडत नाही. शिवाय इतक्या कमी उजेडात दोन मोबाइल दोन वेगळी उत्तरे देतात.

ज्याच्याकडे स्पॉट मोजणी असलेला कॅमेरा आहे त्याला मात्र बऱ्यापैकी अंदाज घेता येतो. पडद्यावर पूर्ण पांढरी चौकट असताना मधल्या खुर्चीतून कॅमेरा पडद्याच्या मध्यावर रोखावा. आयएसओ 100 आणि छिद्र एफ 4 ठेवावे. कॅमेऱ्याने 1/25 सेकंद सुचवला, तर पडदा सुमारे 50 निटचा आहे. 1/13 सुचवला, तर 26. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. छिद्राच्या आकड्याचा वर्ग करावा, त्याला 12.5 ने गुणावे आणि आयएसओ व सेकंद यांच्या गुणाकाराने भागावे. बहुतेक कॅमेऱ्यांचे मीटर याच सूत्रावर बेतलेले असतात. यात चौथ्या हिश्श्याइतकी चूक संभवते, म्हणून यावर करंट ठरवू नये. पण आपला पडदा 50चा आहे की 25चा, एवढे यातून निःसंशय कळते.

केबिनवाला

चंदेरी पडद्याबद्दल थोडक्यात सांगतो. तो मध्यावर साध्या पडद्याच्या दुपटीहून जास्त उजेड परत देऊ शकतो. थ्रीडीत चष्म्यामुळे उजेड फार जातो आणि प्रत्यक्षात साडेचार फूट-लॅम्बर्टवर समाधान मानले जाई, म्हणून ती सोय होती. पण तो हा उजेड निर्माण करत नाही, कडेच्या खुर्च्यांचा काढून मधल्या खुर्च्यांना देतो. साध्या चित्रपटाला मध्यभागी झगझगीत डाग आणि कडेला अंधार दिसतो. अशा ठिकाणी फक्त मधल्या खुर्चीतून मोजले तर सगळे उत्तम आहे असे वाटते. कडेच्या खुर्च्यांतूनही मोजलेच पाहिजे.

आता मूळ विषयाकडे येतो. काल पुन्हा जाऊन आलो, संपूर्ण दिवस तिथेच होतो.

आधी काहीही न हलवता लक्समीटर लावला. स्कोपमध्ये पडद्याच्या मध्यावर 104 लक्स पडत होते. खाडीकाठ यांच्या सूत्राने पडद्याचा आकडा 0.82 आला. पडदा नवा असताना 1चा होता, असे मालकांकडच्या जुन्या कागदावर आहे. चौकटीच्या मागे दुमडलेला पडद्याचा एक पट्टा होता. त्याने धूळ पाहिलेली नाही आणि ओलही पाहिलेली नाही. त्याच्या शेजारी समोरचा भाग पाहिला तेव्हा मालकच म्हणाले, "हा आमचा पडदा नव्हेच."

पण सुरुवात मी केबिनच्या खिडकीपासून केली. इथे कोकणातल्या सर्वांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सभागृहात एसी चालू असतो आणि केबिन गरम व दमट असते. खिडकीची काच सभागृहाच्या बाजूने गार पडते आणि केबिनच्या बाजूने तिच्यावर बारीक दव धरते. खेळ संपला की ते सुकते, पण खारी हवा आणि धूळ यांचा चिकट थर मागे ठेवून जाते. समोरून पाहिले तर काच स्वच्छ वाटते. मशीन चालू करून काचेकडे तिरके पाहिले, तर उजेडाच्या वाटेत दुधट गोल डाग दिसतो. लेन्सच्या पुढच्या भिंगावरही तेच होते. काच दोन्ही बाजूंनी आणि लेन्स योग्य कापडाने पुसली. 104चे 115 लक्स झाले. यात एका पैचाही खर्च नाही. काच अजून साधी खिडकीचीच आहे. तिच्या दोन पृष्ठभागांवर मिळून आठ टक्क्यांच्या आसपास उजेड परावर्तित होऊन जातो. परावर्तनरोधक लेप असलेली काच मागवायला मालक तयार झाले आहेत.

त्यानंतर बल्बची जुळणी तपासली. बल्ब बदलला तेव्हा तो फक्त बसवलेला होता, आरशाच्या केंद्राशी नेमका आणलेला नव्हता. तिन्ही स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवत, लक्समीटरवर लक्ष ठेवायला मालकांच्या मुलाला पडद्यापाशी उभे करून, 126 लक्सपर्यंत आणले. तो आकडा ओरडून सांगत होता आणि मी केबिनमधून स्क्रू फिरवत होतो. दोन दिशांनी पुढे गेल्यावर आकडा उतरतो हे पाहूनच मधली जागा ठरवता येते. या कामाला घाई चालत नाही. शेवटी स्कोपसाठी वेगळे सेटिंग केले आणि बल्बच्या मर्यादेत राहून करंट वाढवला. 148 लक्स मिळाले. फ्लॅटचा करंट तेवढाच ठेवण्याची गरज नव्हती, तो उलट कमी केला.

पडदा धुतला नाही आणि कोणी धुऊही नये. मऊ ब्रशने वरून खाली, हलक्या हाताने धूळ उतरवली. डाव्या खालच्या भागात बुरशीचे ठिपके आहेत, ते तसेच सोडले. पडद्याचा आकडा 0.82 वरून 0.87 झाला. संध्याकाळी त्याच मधल्या खुर्चीत बसून मीटर लावला तेव्हा स्कोपमध्ये 41 निट आले. 48 नाहीत, पण मुभेच्या आत आहेत. सागरवाट यांनी सुचवल्याप्रमाणे झडप बंद करून मोजले. दारांवरच्या दिव्यांमुळे येणारा उजेड त्यांच्या उदाहरणातल्या आकड्याइतकाच निघाला. दिव्यांना वरून टोप्या बसवल्यावर तो निम्म्याहून खाली आला. पायऱ्यांचे दिवे सुरक्षेसाठी आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

मांडवी

काका, फार आनंद झाला. कडेच्या खुर्च्यांचे काय? आम्ही उशिरा पोहोचतो आणि बहुतेक वेळा उजवीकडच्या टोकालाच बसतो. तिथून पडद्याचा जवळचा कोपरा नेहमीच काळपट दिसतो.

केबिनवाला

आपण विचारलेत म्हणून बरे झाले. कोपऱ्यांची गोष्ट लिहायची राहिली होती.

कोपरे आणि कडा मध्याच्या 85 टक्क्यांच्या आसपास असाव्यात असा संकेत आहे. मध्य 41 असताना डावा खालचा कोपरा बुरशी असूनही 31 होता आणि उजवा खालचा 26. बल्बची जुळणी चुकली असती तर फरक दोन्ही बाजूंना थोडाथोडा दिसला असता, एकाच कोपऱ्यात इतका ठळक दिसला नसता. मी पुन्हा केबिनमध्ये गेलो आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा खिडकीच्या चौकटीला टेकवून हळूहळू सरकवला. उजवीकडे खालच्या बाजूला चौकटीच्या लाकडाच्या आतल्या कडेवर उजेडाची बोटभर रुंद पट्टी पडलेली दिसली. तो उजेड पडद्याच्या त्याच कोपऱ्याचा होता. चौकट फणसाच्या लाकडाची आहे. इतक्या पावसाळ्यांत ती फुगून किंचित आत आली आहे. फ्लॅटचा झोत अरुंद असल्यामुळे सुटून जाई, स्कोपचा रुंद झोत मात्र तिथे घासत होता.

आज सकाळी गावातल्या सुताराने ती कड रंध्याने मारली आणि आतून काळा रंग दिला. रंग सुकल्यावर दुपारच्या खेळाआधी मोजले. उजवा खालचा कोपरा 31 आला, डाव्याइतकाच. मालकांनी तिकीटखिडकीतल्या वहीत एक पान आखले आहे. तारीख, बल्बचे तास, फ्लॅटचा आकडा, स्कोपचा आकडा आणि चार कोपरे असे रकाने आहेत. पहिली ओळ त्यांच्या मुलाने लिहिली. दुसरी गणपतीच्या आदल्या दिवशी लिहायची ठरली आहे. त्या दिवशी मी मीटर घेऊन जाईन आणि या वेळी उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीत बसूनही मोजेन.